पूर्वजांचा माग आणि कागदाची साक्ष



श्राद्धविधीत तीन पिढ्यांचा उच्चार करावा लागतो. पिता, पितामह आणि प्रपितामह ही तीन नावे, त्यांचे गोत्र, आणि अनुक्रमे वसु, रुद्र, आदित्य ही त्यांची रूपे. गुरुजी विचारतात आणि यजमान सांगतो. दोन नावे झटकन येतात. तिसऱ्या नावाशी मात्र अनेक घरांतला यजमान थबकतो, शेजारी बसलेल्या काकांकडे पाहतो, आणि काकाही आठवू लागतात. ज्या समाजाने पितृऋण हे मनुष्याच्या जन्मजात ऋणांपैकी एक मानले, त्या समाजातील सुशिक्षित कुटुंबाला पणजोबांच्या पलीकडचे नाव ठाऊक नसावे, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

या विस्मरणाला कोणी एक जबाबदार नाही. गाव सुटले, वाडा पडला, एकत्र कुटुंब विभागले आणि घरातील मोडी कागद वाचणारी शेवटची व्यक्ती गेली. कागद उरले ते माळ्यावर, लाल कापडात बांधलेले. पुढच्या पिढीने ते रद्दीत घातले किंवा नदीत सोडले. काही घरांचे कागद १९४८ च्या जाळपोळीत गेले, काहींचे १९६१ च्या पानशेतच्या पुरात. तरीही जे उरले आहे ते थोडे नाही. प्रश्न आहे तो शोधण्याच्या इच्छेचा आणि त्याहून अधिक शोधण्याच्या रीतीचा. ती रीत एका उदाहरणावरून समजून घेणे सोपे जाईल. हे उदाहरण एका घराण्याचे आहे आणि साऱ्या महाराष्ट्राचेही आहे. त्या पुरुषाचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

चौदा वर्षे लंडनमध्ये, आणि नंतर कोठेच नाही

रंगो बापूजी हे साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील. शिवकालातील रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातील हा पुरुष. सप्टेंबर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि काशीला धाडले. त्यांच्यावर तीन मुख्य आरोप होते. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, आणि कंपनीच्या पलटणीतील देशी शिपायांना फितवण्याचा प्रयत्न केला, हे ते आरोप. आपली बाजू ऐकून न घेता शिक्षा झाली, ही महाराजांची तक्रार होती. ती तक्रार घेऊन रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले.

या काळात त्यांचे धनी काशीत १८४७ साली वारले. १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीवरील शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने साताऱ्याचे राज्यच खालसा केले. ज्याच्यासाठी भांडायचे तो राजा नाही, ज्यासाठी भांडायचे ते राज्य नाही, वर कर्जाचा डोंगर. तरीही हा माणूस परक्या देशात, परक्या भाषेत अर्जावर अर्ज करीत राहिला. अखेर १८५३ मध्ये तो परतला. चार वर्षांनी सत्तावनचा वणवा पेटला. साताऱ्यातील कट उघडकीस आला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना फाशी देऊन, तोफेच्या तोंडी देऊन आणि गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. ते पुढे कोठे गेले आणि कोठे वारले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

ज्याने चौदा वर्षे कागदांवर सह्या केल्या, तोच पुरुष एका पावसाळ्यात कागदांतून नाहीसा होतो. अशा पूर्वजाचा माग काढायचा तर सुरुवात कोठून करावी?

पहिली साक्ष : घराची आठवण

शोधाची सुरुवात नेहमी घरातून होते. रंगो बापूजींविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या गेल्या. ते म्हातारीचे सोंग घेऊन निसटले, बैराग्याच्या वेषात फिरत राहिले, अशा या कथा. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा कागदपत्रांबरोबर परंपरेने चालत आलेल्या माहितीलाही त्यांनी स्थान दिले.

अशा आठवणी टाकाऊ नसतात. त्यांत तारीख चुकते, नाते चुकते, पण अनेकदा गाव बरोबर असते. कोणाच्या घरी आसरा मिळाला, कोणत्या देवस्थानाला नवस होता, कुलदैवत कोणते, मूळ पुरुष कोठून आला, या गोष्टी आजीच्या तोंडून जितक्या सहज कळतात तितक्या कोणत्याही दप्तरातून कळत नाहीत. म्हणून घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसून ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मधे दुरुस्ती करू नये. परंतु ते लिहिताना वर स्पष्ट नोंद असावी की ही ऐकीव माहिती आहे, अमुक व्यक्तीने अमुक दिवशी सांगितलेली आहे. आठवण ही दिशा दाखवते, निर्णय देत नाही. हा भेद ज्या घराने पाळला त्याचा कुलवृत्तांत विश्वसनीय ठरतो. ज्याने पाळला नाही त्याच्या कुलवृत्तांतात प्रत्येक पूर्वज पानिपतावर लढलेला आढळतो.

घरानंतरचा टप्पा तीर्थोपाध्यायांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने आपल्या हाताने नाव, गाव, वडील, आजोबा, भाऊ आणि मुले यांची नोंद करण्याची पद्धत आहे. कोणी अस्थिविसर्जनासाठी गेलेला असतो, कोणी सिंहस्थात गेलेला असतो. राज्ये बदलली तरी या वह्या पिढ्यान्पिढ्या त्याच घरात राहिल्या. हिंदू समाजाने कोणत्याही राजाज्ञेवाचून केवळ श्रद्धेच्या बळावर उभे केलेले हे अभिलेखागार आहे. तेथे जाताना आडनावाबरोबर मूळ गाव माहीत असावे लागते, कारण वह्या बहुधा गावांच्या व प्रदेशांच्या क्रमाने लावलेल्या असतात.

दुसरी साक्ष : मोडी दप्तर

रंगो बापूजींचे घराणे देशपांड्यांचे. देशपांडे म्हणजे परगण्याचा लेखनाधिकारी वतनदार. वतन असले की हक्क असतो, हक्क असला की तंटा असतो आणि तंटा झाला की कागद होतो. महजर, निवाडापत्र, इनामपत्र, वाटणीपत्र, सनद, कैफियत ही सारी त्या तंट्यांची अपत्ये. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. त्यांतील कागदांतून निवड करून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ४५ खंड प्रसिद्ध केले. हा निवडलेला भाग एवढा मोठा असेल, तर न निवडलेला केवढा असेल याची कल्पना करावी. साताऱ्यापुरते बोलायचे तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेला. कागदांनाही स्थलांतर असते. ज्या गावचा पूर्वज त्याच गावी त्याचा कागद, असे समजून चालत नाही.

मोडी वाचणे अवघड आहे, पण दुर्गम नाही. आधी ओळ आखून तिला अक्षरे लावलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. सहा महिने नियमाने बसले तर सामान्य माणसाला साधा कागद लागू लागतो. त्यापुढे शब्दांची ओळख हवी. ‘बिन’ म्हणजे अमुकाचा पुत्र, ‘कोम’ म्हणजे अमुकाची पत्नी. स्त्री पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने हा ‘कोम’ शब्द डोळ्यांत तेल घालून शोधावा. वंशवृक्षाच्या छापील तक्त्यात जिला जागा मिळाली नाही ती आजी पुष्कळदा एखाद्या खरेदीखतात किंवा पोटगीच्या अर्जात नावानिशी भेटते.

तारखांचा घोळ हा नवशिक्याला हमखास अडवतो. जुन्या कागदावर शालिवाहन शक असतो, शुहूर सन असतो, फसली असतो. शकात ७८ किंवा ७९ मिळवले, शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले, दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. शुहूर आणि फसली ही वर्षे मृगाच्या सुमारास बदलतात, चैत्रात नाही, हे लक्षात न ठेवल्याने बाप मुलानंतर जन्मल्याचे ‘सिद्ध’ झालेले वंशवृक्षही पाहायला मिळतात.

आणि कागद अस्सल आहे की नाही, ही परीक्षा कधीही चुकवू नये. दादाजी नरसप्रभूंच्या नावाशी आणि रोहिडेश्वराच्या शपथेशी जोडलेले १६४५ चे पत्र महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. ज्यांनी शंका घेतली त्यांचा शिवरायांविषयीचा आदर तसूभर कमी नव्हता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले ते इतिहास पुराव्यावर उभा राहावा म्हणून. स्वराज्याची थोरवी एका पत्रावर अवलंबून नाही. म्हणूनच ते पत्र निर्भयपणे तपासता येते. श्रद्धा दुर्बल असते तेव्हाच ती पुराव्याला घाबरते.

तिसरी साक्ष : शत्रूचा कागद

रंगो बापूजींविषयी सर्वाधिक कागद त्यांच्या घरी नाहीत, त्यांच्या प्रतिपक्षाच्या घरी आहेत. कंपनीचे आणि पुढे इंडिया ऑफिसचे दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुंबई सरकारचे दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहे. सरकारी कागदांतून निवडलेली स्वातंत्र्यलढ्याची साधने मुंबई राज्य सरकारने १९५७ पासून खंडशः प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्याच खंडात १८१८ ते १८८५ चा कालखंड येतो.

मात्र त्या कपाटांत ‘रंगो बापूजी’ या उच्चारानुसार शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. इंग्रज कारकुनाने ते नाव ‘रुंगो बापोजी’ होईल अशा अक्षरांत लिहिले. साताऱ्याचेही तसेच, एकाच गावाची दोन-तीन लेखने. म्हणून शोधाला बसण्यापूर्वी नावाच्या सर्व संभाव्य अपभ्रंशांची यादी करणे ही पहिली पायरी.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचा अनुभव येथे बोलका आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर तेथे उतरले आणि गिरमिटियांचा ओघ सुरू झाला. त्यात कोकणातील माणसे होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या स्थलांतरितांच्या नोंदवह्या आहेत. माणसाला एक क्रमांक, त्यासमोर जहाज, वय, जिल्हा, गाव आणि अंगावरील खूण. पण नाव परक्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले. पणजोबांचे पहिले नावच पुढे आडनाव झाले आणि मूळ आडनाव समुद्रात बुडाले. त्यांची पणतवंडे आज क्रमांकावरून माणूस, माणसावरून गाव आणि गावावरून कुलदैवत असा उलटा प्रवास करतात. ज्या घाटावर ते मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. ज्यांच्याजवळ वतनाचा एकही कागद नव्हता त्यांनी पूर्वज शोधले. ज्यांच्या घरी पेट्या भरून कागद होते त्यांनी ते गमावले, असे व्हायला नको.

शत्रूचा कागद वाचताना त्याचा हेतू आधी वाचावा लागतो. प्रतापसिंहांविरुद्धच्या पुराव्यात एक अर्ज होता. महाराजांचे दिवाण गोविंदराव कैदेत असताना त्यांच्या आईच्या, गिरिजाबाईंच्या नावाने तो केलेला होता आणि त्यात महाराजांच्या कटाची कबुली होती. प्रत्यक्षात तो अर्ज त्या माउलीने केलेलाच नव्हता, दुसऱ्याच इसमाने तो लिहिला होता, हे पुढे उघड झाले. हाच मुद्दा रंगो बापूजी आणि त्यांचे इंग्रज मित्र लंडनमध्ये वारंवार मांडत राहिले. सरकारी दप्तरात शिक्क्यासह असलेला कागदही खोटा असू शकतो, हे सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण नको.

तरीही त्या दप्तराचे ऋण मान्य करावे लागते. कंपनीने टीकाही जपून ठेवली आणि त्या टीकेला दिलेले उत्तरही. ज्या राजवटीने रंगो बापूजींचे म्हणणे फेटाळले तिच्याच कपाटात ते म्हणणे आज शब्दशः उपलब्ध आहे.

चौथी साक्ष : वृत्तपत्र

सरकारी कागद निर्णय सांगतो, वृत्तपत्र हालचाल सांगते. लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचा विषय पुनःपुन्हा निघाला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील नामवंत वक्ता जॉर्ज थॉम्प्सन त्यात बोलला. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेला लॉडविक महाराजांच्या बाजूने उभा राहिला. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम याने प्रश्न मांडला. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे याच जोसेफ ह्यूमचे पुत्र. या भाषणांची वार्तांकने तेव्हाच्या इंग्रजी पत्रांत आली. त्यांतील पुष्कळ पत्रे आता संगणकावर शोधता येतात. पार्लमेंटची भाषणेही घरबसल्या वाचता येतात. ज्या सामग्रीसाठी एकेकाळी विलायतेला जावे लागे, ती आज साताऱ्यातील विद्यार्थ्याला उपलब्ध आहे.

इकडे मुंबईत १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८३८ मध्ये पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालेले इंग्रजी पत्र सुरू झाले, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आणि १८४९ मध्ये पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ आले. म्हणजे रंगो बापूजींच्या लढ्याच्या काळात मराठी वाचकाला स्वतःची वृत्तपत्रे होती. ज्याच्या घरात कोणी शिक्षक, वकील, डॉक्टर, कंत्राटदार किंवा देवस्थानाचा पंच होऊन गेला असेल, त्याने जुन्या वृत्तपत्रांची पाने अवश्य चाळावीत. परीक्षांचे निकाल, नेमणुका व बदल्या, लिलावाच्या जाहिराती, फंडाला वर्गणी देणाऱ्यांच्या याद्या, कोर्टातील खटले, निधनवार्ता यांतून सामान्य माणूसही डोकावतो. मोठ्या मथळ्यांत तो क्वचितच सापडतो, बारीक टंकातील यादीत सापडतो.

वृत्तपत्र वाचण्याची तीन पथ्ये आहेत. पहिले, अंकाची तारीख ही घटनेची तारीख नसते. त्या काळी लंडनची बातमी मुंबईस पोहोचायला सुमारे दीड महिना लागे. दुसरे, पाच पत्रांत एकच बातमी आढळली म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असे नव्हे. एकाची उचल दुसऱ्याने केलेली असते, आणि मजकूर ताडून पाहिला की शब्दांवरून ती कळते. तिसरे पथ्य मौनाचे. जून १८५७ मध्ये कॅनिंगच्या सरकारने मुद्रणालयांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यानंतरच्या महिन्यांत देशी पत्रांत एखादे नाव आढळले नाही, तर त्या माणसाने काही केलेच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. बोलणाऱ्याचे तोंड बांधलेले असताना त्याच्या न बोलण्याचा पुरावा होत नाही.

जेथे नोंद थांबते

आता सर्वांत अवघड भाग. सीताराम गेला, बाप सापडला नाही आणि कागद संपले. येथे शोधकाची खरी कसोटी लागते. रिकामी जागा मनाला सोसवत नाही. कोणीतरी तेथे समाधी उभी करतो, कोणी स्वप्नदृष्टान्त आणतो. सत्तावनच्या पुरुषांबाबत हे फार घडले. नानासाहेब पेशवे सापडल्याच्या वार्ता वर्षानुवर्षे उठत राहिल्या. १८७४ साली ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब म्हणून पकडले गेले आणि चौकशीअंती तो नानासाहेब नाही असेच ठरले. त्या माणसाला ओळखण्यासाठी साक्षीदार उभे करावे लागले होते. म्हणजे जिवंत माणूस समोर असतानाही ओळख पटवणे इतके कठीण, तर दीडशे वर्षांनंतर एखाद्या अनाम समाधीवर नाव कोरण्यापूर्वी किती विचार करायला हवा!

प्रामाणिक कुलवृत्तांतकार अशा जागी एक ओळ लिहितो : ‘यापुढे नोंद नाही.’ या ओळीत कमीपणा काहीच नाही. रंगो बापूजींच्या बाबतीत तर हे न सापडणे हेच त्यांच्या शेवटच्या यशाचे प्रमाणपत्र आहे. ज्या सत्तेने त्यांची चौदा वर्षे दाद घेतली नाही, तिला तिच्या सर्व साधनांनिशी हा वृद्ध वकील सापडला नाही.

पूर्वज शोधताना गैरसोयीची सत्येही समोर येतात. कोणी कर्जबाजारी निघतो, कोणी भावाविरुद्ध खोटी साक्ष दिलेला, कोणी इंग्रजांचे इनाम घेतलेला. ती लपवू नयेत. पूर्वज हे देवघरातील मूर्ती नव्हेत. ती आपल्यासारखीच माणसे होती आणि बिकट काळात जगली. त्यांच्या चुका मोकळेपणाने सांगणारे घर त्यांच्या पराक्रमाविषयी बोलते, तेव्हाच त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

ज्यांचा कुलवृत्तांत नाही त्यांचे काय?

गेंडामाळावरील सतरा जणांकडे पुन्हा वळले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांत प्रभू होते, ब्राह्मण होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून रामोशीही होते. साताऱ्याच्या गादीसाठी सर्वांचे रक्त एकाच मातीत मिसळले. परंतु त्यानंतर त्यांच्या स्मृतीची वाट वेगळी झाली. प्रभू आणि ब्राह्मण घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले, वंशावळी छापल्या गेल्या, ग्रंथ लिहिले गेले. त्या रामोशी वीरांचे वतनाचे दप्तर नाही, कुलवृत्तांत नाही. त्यांची नावे टिकली ती प्रामुख्याने त्यांना मृत्युदंड देणाऱ्या सरकारच्या कागदात. त्यांच्या वंशजांपैकी कोणाला आपल्या पूर्वजाचे नाव शोधायचे असेल, तर ते त्याला शिक्षेच्या यादीत शोधावे लागेल.

समाजाच्या एकात्मतेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने या वस्तुस्थितीची दखल घ्यायला हवी. आपल्याच आडनावाचा वृक्ष रेखाटून थांबणे ही पूर्वजपूजेची अर्धी रीत झाली. ज्याला मोडी येते त्याने गावातील ज्याला येत नाही त्याचा कागद वाचून द्यावा. कोतवालाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या, गाव नमुना चौदा, शाळेचे पहिले जनरल रजिस्टर आणि जमिनीचे जुने फेरफार यांत गावातील सर्व जातींची माणसे नोंदलेली आहेत. वतन नसलेल्या घराचा इतिहास तेथून सुरू होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तालुक्यातालुक्यांतून मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. त्या निमित्ताने मतमतांतरे कितीही असोत, एक गोष्ट सर्वांना पटली. वाचता न येणारा कागद असून नसल्यासारखा असतो.

करण्याजोगे काही

कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी या दिवाळीपासून चार साध्या गोष्टी कराव्यात. घरातील कागदांची पेटी उघडावी. ऊन, वाळवी आणि ओल यांपासून तिला दूर ठेवावे. कागदाला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये, चिकटपट्टी लावू नये. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण महत्त्वाचा शेरा पुष्कळदा पाठीवर असतो. मूळ प्रत घरीच राहिली तरी छायाचित्रांची एक प्रत जाणत्या संशोधन संस्थेकडे द्यावी. दुसरी गोष्ट, घरातील एका तरुणाने किंवा तरुणीने मोडी शिकावी. तिसरी, वंशवृक्षात प्रत्येक नावासमोर माहितीचा आधार लिहावा आणि लेकी-सुनांची नावे त्यांच्या माहेरच्या नावांसह घालावीत. चौथी, आपल्या घराइतकाच वेळ शेजारच्या एका अशा घराला द्यावा, ज्याच्यापाशी पेटी नाही.

रंगो बापूजींनी लंडनमध्ये मागितली ती एकच गोष्ट : आरोप करणाऱ्यांचे कागद पुढे ठेवा, ते तपासू द्या, आणि मग निर्णय करा. तेव्हा ती मागणी कोणी मान्य केली नाही. आता ते कागद खुले आहेत. तपासणारे डोळे तेवढे हवे आहेत, आणि ते महाराष्ट्राच्या घराघरांतूनच निघाले पाहिजेत.